माशांच्या पेटीची घडवंची

हे गेले त्याच्या सोळाव्या दिवशी स्टेशनवरून पेटी आली.

हे म्हणजे माझे यजमान. शेगाव स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. एका दुपारी वजनकाट्याच्या पत्र्यावर टेकले, छातीत दुखतं म्हणाले, आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. मी गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. मला चौतिसावं वर्ष लागलं होतं. मूलबाळ नव्हतं. शाळा जवळ पडावी म्हणून आम्ही रेल्वेचं क्वार्टर न घेता गावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या.

चार हमाल हातगाडीवरून ती पेटी घेऊन आले. फळ्यांनी ठोकलेलं मोठं खोकं, आत पेंढा, वर लाल अक्षरात ‘काच’ लिहिलेलं. त्यांच्याबरोबर आलेला ऑफिसातला माणूस माझ्याकडे बघत नव्हता. कागद पुढे करून म्हणाला, “घेणाऱ्याच्या जागी तुमचीच सही चालते बाई.” मी सही केली. शाळेच्या हजेरीपुस्तकात करते तशीच, वळणदार. सही चांगली आली हे माझ्या लक्षात आलं, आणि ते लक्षात आलं याचंही काही वाटलं नाही.

त्या दिवसांत कशाचंच काही वाटत नव्हतं. मी रडले नव्हते. शेजारच्या बायका येऊन हात धरून बसत. “रडून घ्या वो बाई, मनात साचू देऊ नोका,” म्हणत. मी मान हलवायची. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. चौथीला वजनं-मापं चालू होती. शेर आणि मण जाऊन किलो आलेले, मुलं घरी एक ऐकत आणि शाळेत दुसरं. मी फळ्यावर लिहीत होते, पोरं उतरवून घेत होती. खडू हातातून निसटला तर वाकून उचलायला मला वेळ लागायचा. वाकायचं आहे हे आठवावं लागे.

खोकं पुढच्या खोलीत दाराला आडवं पडलं. घरात शिरताना अंग चोरून जावं लागे. आठ दिवस मी तशीच ये-जा केली.

ही पेटी कुठून आली हे मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी मला दाखवायला हे अकोल्याला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. मूल का होत नाही ते बघायला. मी आत होते, तपासणी बरीच लांबली. बाहेर बसायच्या खोलीत माशांची काचेची पेटी होती. मी बाहेर आले तेव्हा हे खुर्ची तिच्यापुढे ओढून बसले होते. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी विचारलं नाही. माझ्या तोंडावरून कळलं असेल. परतीच्या गाडीत म्हणाले, “त्यातला एक काळा मासा होता, दोन तास एका जागी थांबून होता. नुसते कल्ले हलत होते.” पुढे कधीतरी त्यांनी मुंबईच्या कुठल्या कारखान्याला पत्र घातलं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. एवढी मोठी कशाला, असं मी विचारलं होतं. “लहान पेटीत मासे वळता वळता थकतात,” म्हणाले.

नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मिस्त्रींकडे गेले. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं उघडं दुकान होतं. दारांच्या चौकटी आणि बैलगाड्या बनवायचे. साठीचे, दाढी पांढरी, एका कानानं कमी ऐकायचे. त्यांच्या दोन नाती माझ्या हाताखालून गेल्या होत्या. मला पाहून त्यांनी रंधा खाली ठेवला आणि ह्यांच्याबद्दल दोन शब्द बोलले. मी थांबून ऐकून घेतलं आणि म्हटलं, “एक घडवंची करून पाहिजे.”

“पान्याच्या माठाची?”

“माशांच्या पेटीची.”

ते दुसऱ्या दिवशी घरी आले, खोक्याच्या फळ्या उचकटल्या, पेंढा बाजूला केला. लोखंडी चौकटीत बसवलेल्या जाड काचा. चौकटीला हिरवा रंग. मिस्त्री कितीतरी वेळ हात न लावता बघत राहिले.

“याच्यात पानी भरनार?”

“काठोकाठ नाही. दोन बोटं कमी.”

“मंग वजन कितीक होते?”

मी पाटी घेतली. लांबी, रुंदी, उंची, फुटांचे सेंटिमीटर केले, गुणाकार केला. शाळेत करायची तसंच, हातचे वर लिहून. पाणी अडीचशे किलोच्या आसपास. काच आणि लोखंड धरलं, तळाला वाळू-गोटे धरले तर सव्वातीन क्विंटल.

मिस्त्रींनी पाटी हातात घेतली, दूर धरून पाहिली. “सव्वातीन क्विंटल म्हंजे ज्वारीचे तीन पोते, अन् वर एक मानूस,” ते म्हणाले. “पानी इतलं भारी?”

“हो.”

“माही बायको जनमभर हेच सांगून राह्यली,” ते म्हणाले, “आपुन कधी ऐकलं नाई.”

मला वाटतं, हसू यायची जागा होती ती. मी त्यांना ह्यांच्या वहीतला कागद दाखवला. पार्सलच्या जुन्या फॉर्मच्या मागे ह्यांनी घडवंचीचं चित्र काढून ठेवलं होतं. चार पाय, बारीक, खाली येता येता बाहेर वळलेले, टोकाला गोल गिरकी. वरच्या पट्टीला वेलबुट्टी. बाजूला बारीक अक्षरात मापं. पाय दीड इंच जाड.

मिस्त्रींनी कागद परत माझ्या हातात दिला. “चित्र देखनं हाय,” एवढंच म्हणाले.

मला कळलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं सामान तोलणारा माणूस स्वतःच्या घरातलं पाणी तोलायला विसरला होता.

त्या रविवारी भासरे आले, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. वरवट बकालला शेती करायचे. माझ्या वर्षाच्या खाण्याची तीन पोती ज्वारी त्यांनी बैलगाडीत घालून आणली होती. आमच्यात भासऱ्यांशी धाकट्याची बायको सरळ बोलत नाही, तेही तिच्याशी बोलत नाहीत. चौदा वर्षांत त्यांनी माझं तोंड नीट पाहिलं नसेल. काही सांगायचं असलं तर ह्यांना सांगायचे. आता हे नव्हते, तर ते भिंतीकडे बघून बोलत. योगायोगानं मिस्त्री मापं घ्यायला आले होते, म्हणून त्यांची सोय झाली.

भासऱ्यांनी तो कागद पाहिला. बराच वेळ हातात धरून बसले.

“मिस्त्री, त्याईले सांगा,” ते म्हणाले, “माह्या भावानं सोताच्या हातानं काढलं हाय. जसं हाय तसंच होऊ द्या.”

“भाऊ, हे पाय पान्याचं वजन नाई झेलत. याच्यावर रेडिओ ठेवा, फुलदानी ठेवा.”

“तुमी करून त पाहा.”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. हिशेब माझ्याच पाटीवर होता. मी ‘नको’ म्हणायला हवं होतं. पण हे झालं काय, ते झालं काय, मला दोन्ही सारखंच होतं. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि चहा ठेवायला आत गेले. मिस्त्रींनी माझं गप्प राहणं होकार धरलं.

पुढचे पंधरा दिवस मी शाळा सुटली की मिस्त्रींच्या दुकानात जाऊन बसायची. घरी काय करायचं होतं? तिथे चौकटीच्या लाकडांचा ढीग होता, त्यावर एक फळी माझी ठरून गेली. ते सागाचा पाय हळूहळू वळणात आणत, गिरकी कोरत. न पटलेलं काम असून त्यांनी ते जीव ओतून केलं. आमचं बोलणं फारसं व्हायचं नाही. रस्त्यानं मंदिराकडे जाणारी माणसं जात, गाडीची वेळ झाली की टांगे पळत. मी रंध्यातून निघणारी पातळ सालपटं बघत राहायची. एखादं उचलून बोटाला गुंडाळायची. ते सुटायचं, पुन्हा गुंडाळायची. एका दिवशी मिस्त्रींच्या बायकोनं माझ्या हातात ताटली दिली, त्यात काय होतं ते मी खाऊन झाल्यावरही सांगू शकले नसते.

घडवंची तयार झाली ती फार सुंदर होती. मिस्त्री म्हणाले, “काच ठेवन्याच्या आंधी आपुन पोते ठेवून पाहू. काच फुटली त जोडता येत नाई.”

भासऱ्यांना निरोप गेला, ते आले. माझ्याच घरची तिन्ही पोती हातगाडीवरून दुकानाच्या अंगणात आणली. पहिलं पोतं ठेवलं. घडवंची उभी. दुसरं ठेवलं. ती किंचित डुलली, जत्रेतल्या नाचणाऱ्या घोड्यासारखी, आणि थांबली. भासरे माझ्याकडे नाही, पण माझ्या दिशेला बघून म्हणाले, “राह्यली का नाई?”

तिसरं पोतं दोघांनी मिळून वर चढवलं. ते टेकलं आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग वरच्या जोडातून कडाक् असा आवाज आला. मिस्त्रींनी भासऱ्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं. एक पाय बाहेर फाकला, त्याच्या मागे दुसरा, आणि पोती घसरत खाली आली. एक फाटलं. ज्वारी अंगणभर झाली, भासऱ्यांच्या वहाणांपर्यंत वाहत गेली.

‘मी सांगतलं होतं’ असं मिस्त्री म्हणाले नाहीत. कोपऱ्यातल्या कोंबड्या धावत आल्या तेव्हा त्यांना हाकलायला म्हणून आम्ही हललो. भासरे खाली बसले आणि ओंजळीनं ज्वारी गोळा करू लागले. मी आतून सूप आणि झाडणी आणली. दोघं एकाच ढिगाशी बसून भरत होतो, चौदा वर्षांत पहिल्यांदा इतक्या जवळ. त्यांचे हात ह्यांच्यासारखे होते. करंगळी तशीच थोडी वाकडी. ते मी पाहिलं आणि सुपातले खडे वेचत राहिले.

“काच असती त?” भासरे म्हणाले.

“काच नव्हती ना भाऊ,” मिस्त्री म्हणाले.

चार दिवसांनी वरवटहून लाकूड आलं. भासऱ्यांनी बैलगाडीसाठी म्हणून बांधावरची बाभूळ तोडून दोन वर्षं सुकवत ठेवली होती, ती सगळी पाठवली. निरोप एवढाच होता की मिस्त्रींना वाटेल तसं करू द्या.

मिस्त्रींनी यावेळी कागद घेतला नाही. सहा पाय, चार-चार इंच जाड, सरळ. लांबीच्या मधोमधही दोन, कारण पाण्याचं ओझं मध्ये जास्त जाणवतं, गाडीच्या आसासारखं, असं त्यांचं म्हणणं. खिळा कुठेच नाही. प्रत्येक जोडाला एका लाकडात खाच पाडायची, दुसऱ्याचं टोक तिच्यात ठोकून बसवायचं आणि आरपार लाकडी खुंटी मारायची. खाली एक आडवी पट्टी, मागच्या बाजूला दोन तिरप्या, फुलीसारख्या. वर सागाच्या जाड फळ्या. बाभूळ फार चिवट, पटाशीची धार दिवसातून चारदा लावावी लागे. मला आठवतं, एक दिवस मी फळीवरून उठले आणि म्हटलं, “द्या, दुसरं टोक मी धरते.” त्यांनी दिलं. करवत चालताना लाकूड हातात थरथरायचं. ते थरथरणं कोपरापर्यंत यायचं. बाकी अंगाला नाही, पण तेवढं हाताला कळत होतं.

पोती पुन्हा चढली. तिन्ही. तिसऱ्यावर मिस्त्री स्वतः मांडी घालून बसले आणि मला म्हणाले, “तुमचा हिशेब पुरा झाला बाई. सव्वातीन.” घडवंची दगडासारखी उभी होती. तशी ती दिसायलाही फार काही नव्हती, रसवंतीच्या चरकाखाली शोभली असती.

घरात आणली तर आमची शहाबादी फरशी एका अंगाला उतरती. मिस्त्रींनी फळीवर ताट ठेवून त्यात पाणी ओतलं, पाणी कुठल्या कडेला जातं ते पाहिलं, आणि त्या अंदाजानं चार पाय सुताभर तासले. दोनदा जास्त तासले गेले, मग पत्र्याचा तुकडा घातला. वर जुन्या घोंगडीची घडी अंथरली, काच एकाच ठिकाणी टेकू नये म्हणून. पेटी चढवायला स्टेशनवरचे तेच हमाल बोलावले. ते जाताना एकानं घडवंचीवर थाप मारली. “साहेबाईचं काम पक्कं झालं,” म्हणाला. मी ‘हो’ म्हटलं.

पाणी आम्ही तिघांनी भरलं. भासरे विहिरीवरून ओढत, मी आणत होते, मिस्त्री ओतत. दर चार बादल्यांनी मिस्त्री थांबवत, घडवंचीखाली आडवे होत आणि चांगला कान लाकडाला लावत. “बोलून नाई राह्यलं,” म्हणत आणि बाहेर येत. सोळा बादल्या लागल्या. काचेच्या सांध्यातून दोन ठिकाणी पाणी पाझरलं. दोन दिवस खाली परात ठेवली, तिसऱ्या दिवशी ते आपोआप थांबलं.

मग महिनाभर पेटीत नुसतं पाणी होतं. शेजारणी बघायला येत. “मासे कोठी हायेत वो?” विचारत. मी म्हणायची, यायचे आहेत. मासे मागवायचे कुठून, ते पत्र कुणाला लिहायचं, हे मला माहीत करून घेता आलं असतं. मी घेतलं नाही. शाळेतून आले की मी पेटीपुढे बसायची. पलीकडची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं पाण्यातून किंचित हललेलं दिसायचं. मला ते पुरेसं होतं.

एका गुरुवारी दुपारी भासरे आले. एसटीनं आले होते, मांडीवर तांब्याची कळशी धरून, तिच्या तोंडाला ओलं फडकं बांधून. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. आत आले, दारात उभे राहिले, आणि भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले.

“बाई, आमच्या नाल्यातले हायेत. मुंबईवाल्यासारके रंगाचे नाईत.”

कोणाशी बोलतात ते मला आधी कळलं नाही.

“तीस धरले होते,” ते म्हणाले. “गाडीनं भलते हिसके देल्ले. किती राह्यले मालूम नाई.”

फडकं सोडलं. मी परातीत थोडं पाणी घेतलं, त्यांनी कळशी हळूच वाकवली. बोटाएवढे, राखी रंगाचे, पोटाला चांदीसारखे. जिवंत होते ते एकोणीस. मेलेले त्यांनी एकेक वेचून फडक्यात ठेवले. जिवंत मासे ओंजळीनं पेटीत सोडले. मासे आधी तळाला गेले, एका कोपऱ्यात गठ्ठा करून थांबले. मग एक निघाला आणि पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला, वळला, परत आला.

भासरे घडवंचीच्या फळीला हात टेकून उभे होते. त्यांचे खांदे हलायला लागले. मोठ्यानं रडले ते, म्हाताऱ्या माणसासारखे, नाक न पुसता. “लहान होता तवा मीच त्याले नाल्यावर घेऊन जाओ,” म्हणाले. “मासोळी धरली की सोडून दे म्हने. मी मारो त्याले त्याच्यासाठी.”

मी त्यांना पाणी दिलं. पंचा दिला. शेजारी उभी राहिले. मला रडू आलं नाही, आणि ते आलं नाही म्हणून भासऱ्यांनी काही मनात धरलं नाही. चहा पिऊन ते साडेचारच्या गाडीनं गेले. त्यानंतर मात्र ते माझ्याशी सरळ बोलू लागले. त्यांच्या घरात कोणी नाक मुरडलं असेल तर माझ्या कानावर आलं नाही.

मासे जगले. कणकेच्या गोळ्या खायचे, माझी सावली पडली की वर यायचे. दर रविवारी निम्मं पाणी बदलावं लागे. आठ बादल्या बाहेर, आठ आत. पाचसहा महिन्यांनंतरचा एक रविवार असेल, कंबर धरली होती, सहावी बादली ओतताना पाणी माझ्या पायांवर सांडलं आणि मी एकदम ओरडले, “एवढी मोठी पेटी! ओतणार कोण होतं? स्वतः निघून गेले आणि मला लावून दिलं आठ-आठ बादल्या वाहायला!” स्वतःचाच आवाज मी ऐकला. तो घरभर झाला होता. बादली मी भिंतीवर आपटली, तिला पोचा आला. मग आणखी बोलले, बरंच बोलले. ह्यांच्यावर मी जन्मात इतकी चिडले नव्हते.

भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, “कोनावर चिडून राह्यल्या वो बाई?”

“मासोळ्यांवर,” मी म्हटलं.

“काऊन, काय केलं त्याईनं?”

मी पोचा आलेली बादली घेऊन विहिरीवर गेले, कारण अजून दोन राहिल्या होत्या.

नऊ वर्षं ती पेटी त्या जागी राहिली. मधल्या पायाला एकदा वाळवीनं धरलं होतं, तेव्हा मिस्त्री होते, त्यांनीच ती काढून दिली. नाल्यातून भासरे पुन्हापुन्हा मासे आणत. पुढे माझी हेडमास्तरीण म्हणून सुलतानपूरला बदली झाली. तेवढं सामान नेणं शक्य नव्हतं. पेटी घडवंचीसकट शाळेला दिली. ती हलवायला सहा माणसं लागली.

सुलतानपूरच्या गाडीत शेजारी एक बाई होती, मेहकरला लेकीकडे निघालेली. चिखली मागे पडल्यावर तिनं डबा उघडला आणि भाकरीवर ठेचा घालून माझ्यापुढे धरला. मी नको म्हणाले नाही. ठेचा तिखटजाळ होता, नाकाडोळ्यांतून पाणी आलं. “पानी देऊ का?” तिनं विचारलं. मी नकारार्थी मान हलवली आणि अर्धी भाकर अजून मागितली.